सरकी इथं, रुई मुंबईला

१९०१ च्या खानेसुमारीत यवतमाळ गावाची लोकसंख्या भरली १०,५४५. गाव जिल्ह्याचं ठिकाण, पण जिल्ह्याचं नाव वेगळंच. १८६४ साली इंग्रजांनी वऱ्हाडच्या आग्नेय कोपऱ्यातले तालुके एकत्र करून जो जिल्हा पाडला, त्याला पुढं नाव दिलं वणीचं आणि कचेरी थाटली यवतमाळला. नाव एकीकडे नि साहेब दुसरीकडे, असा हा संसार चाळीस वर्षं चालला. १९०५ मध्ये जिल्ह्यांची फेरमांडणी झाली, तेव्हा पुसद तालुका वाशीमकडून इकडे आला आणि जिल्ह्याला यवतमाळचं नाव मिळालं.

त्या वेळी गावाला रेल्वे नव्हती. जवळचं स्टेशन धामणगाव, २९ मैलांवर. समुद्र जवळपास सातशे किलोमीटर दूर, मध्ये सगळा वऱ्हाड, खानदेश आणि सह्याद्री. गावातल्या बहुतेकांनी खारं पाणी कधी पाहिलेलं नव्हतं. तरीही गावात सरकी काढणारे जिन होते, गाठी बांधणारे प्रेस होते, अडत्ये-दलाल होते, आणि हंगामात त्यांच्या पेढ्यांवर चर्चा असायची ती मुंबईच्या धक्क्यावर किती गाठी पडून आहेत आणि विलायतेचा भाव काय आला याची. बंदरगावाचं पोट बोटीवर चालतं. यवतमाळचं पोटही बोटीवरच चालत होतं, फक्त बोट डोळ्यांना दिसत नव्हती.

हे असं कधीपासून झालं, ते पाहायचं तर आधी बंजाऱ्यांच्या तांड्यामागं जावं लागतं.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडचा कापूस मुंबईला जातच नव्हता म्हटलं तरी चालेल. तो जायचा उत्तरेला, गंगेकाठच्या मिर्झापूरला, आणि तिथून नावांतून बंगालकडे. पाचशे मैलांहून लांबची वाट. सडक नाही, पूल नाहीत, मध्ये सातपुड्याचं रान. गाड्या चालायच्या नाहीत, म्हणून रुईची पोती बैलांच्या पाठीवर लादून बंजाऱ्यांचे तांडे निघत. पुढं नायक, मागं शेकडो बैल, बायका-पोरं, कुत्री. वाटेत काटेरी झाडोऱ्यात पोती फाटत, रुई झुडपांना लटकून राही, धूळ आत शिरे, पाऊस लागला तर वजन वाढे नि माल कुजे. परतीच्या खेपेला मीठ, धान्य, जे मिळेल ते. या धंद्याला हिशेबाची वही नव्हती, पण मध्य हिंदुस्थानचा सगळा व्यापार याच पाठींवरून होत होता.

दिशा बदलण्याचा पहिला खटाटोप केला तो पारशी पेढीनं. हैदराबादेत सावकारी करणाऱ्या विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या भावांनी १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस पश्चिमेला मुंबईकडे रवाना केला. घाटातून बैल उतरवत नेलेला तो माल कोणाला मोठा वाटला नसेल. पण इंग्रज व्यापाऱ्यांच्या ध्यानात आलं की निजामाच्या या मुलखातली काळी माती थेट मुंबईच्या धक्क्याशी जोडता येते.

मुलूख हातात यायला आणखी पाव शतक लागलं. निजामाच्या नावानं पोसलेल्या, पण इंग्रजांनी चालवलेल्या हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चाचं कर्ज चढत गेलं आणि १८५३ च्या तहानं वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. तेव्हा धाराशिव आणि रायचूरही घेतले होते. १८६० च्या तहात ते परत केले. वऱ्हाड मात्र ठेवून घेतला. कर्जापोटी काय ठेवून घ्यायचं याची निवड सावकार डोळे उघडे ठेवूनच करतो. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झननं वर्षाला २५ लाख रुपयांच्या खंडावर हा मुलूख कायमचाच घेतला.

मधल्या काळात अमेरिकेत यादवी सुरू झाली होती. १८६१ मध्ये उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली आणि लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला. मग साऱ्यांची नजर हिंदुस्थानाकडे. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअर बाजार उसळला, दलाल प्रेमचंद रायचंदांचं नाव घराघरांत पोचलं, आणि १८६५ मध्ये युद्ध संपताच सगळा डोलारा कोसळला. मुंबईची ही गोष्ट मराठीत पुष्कळदा सांगून झाली आहे. वऱ्हाडच्या बाजूनं ती कमी सांगितली जाते. मुंबईत कागद कोसळले. वऱ्हाडात पऱ्हाटीखाली गेलेली जमीन पुन्हा ज्वारीकडे पूर्वीसारखी वळली नाही. एकदा बाजाराची सवय लागली की सारा, सावकाराचं व्याज आणि लग्नाचा खर्च हे सगळं त्याच पिकावर बेतलं जातं.

याच दिवसांत एक असं बंदर यवतमाळच्या उंबऱ्यापर्यंत येता येता राहिलं, ज्याची आठवण आता जिल्ह्यात कोणालाच नाही.

गोदावरीवर धवळेश्वरमचं धरण बांधणारे सर आर्थर कॉटन यांचा रेल्वेवर फारसा विश्वास नव्हता. त्यांचं म्हणणं, लोखंडी रुळांपेक्षा पाणी स्वस्त. गोदावरी, तिला मिळणारी प्राणहिता आणि प्राणहितेला पाणी देणारी वर्धा, या नद्यांतून वाफेच्या बोटी आणि पडाव चालवायचे, वऱ्हाड-नागपूरचा कापूस पूर्वेला काकीनाड्याच्या बंदरात उतरवायचा, अशी ती योजना. वर्धा नदी म्हणजे वणी आणि मारेगाव भागाची हद्द. हे जमलं असतं तर वणीचा शेतकरी माल घेऊन मुंबईकडे तोंड न करता नदीकाठच्या एखाद्या घाटावर गेला असता, आणि त्या घाटावर वखारी, खलाशी, जकातनाकी उभी राहिली असती.

अडचण पाण्याखाली होती. नदीत तीन ठिकाणी खडकांचे लांबलचक पट्टे होते, पाणी त्यावरून फेसाळत उतरायचं. पहिला दुम्मगुडेमला, दुसरा इंचमपल्लीला, तिसरा प्राणहितेत देवलमरीला. हेग नावाच्या अधिकाऱ्याकडे काम होतं. प्रत्येक अडथळ्याला वळसा घालणारा कालवा आणि बोटी चढवण्या-उतरवण्याचे दरवाजे बांधायचे होते. दुम्मगुडेमला कामं बरीच पुढं गेली. पण रानात हिवतापानं मजूर पडत, उन्हाळ्यात नदी आटे, पावसाळ्यात धावे, आणि खर्च वाढतच जाई. तेवढ्यात फेब्रुवारी १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळ-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. एकदा मुंबईपर्यंत लोखंडी वाट झाल्यावर कापूस काकीनाड्याला न्यायचा कशाला? १८७१ मध्ये सरकारनं गोदावरीचा नाद सोडला. वर्धेच्या काठाला बंदर मिळालं नाही. नंतर तिथं कोळसा निघाला, ती गोष्ट निराळी.

१८६९ मध्ये सुवेझ कालवा उघडला, १८७० मध्ये समुद्राखालची तार मुंबईला येऊन भिडली. आता लिव्हरपूलचा भाव मुंबईला त्याच दिवशी कळू लागला आणि मुंबईचा वऱ्हाडाला. खामगाव आणि अमरावतीला खास कापसासाठी फाटे काढले गेले. वऱ्हाडातल्या मालाला लिव्हरपूलच्या बाजारात नावच पडलं ‘ऊमरा’, म्हणजे उमरावतीचा. यवतमाळच्या डोंगरातून गेलेली रुईसुद्धा तिकडे ऊमराच. माल कोणाच्या रानातला, हे धामणगावपर्यंत ठाऊक असे; पुढं नाही.

धामणगावची ती सडक हेच तेव्हाचं यवतमाळचं बंदर. दिवाळीनंतर बंड्यांची रांग लागायची. बंडीवर बांबूच्या ताट्यांचा किंवा तुराट्यांचा उंच पिंजरा, त्यात पायांनी तुडवून तुडवून भरलेला कापूस, वर चादर, आणि चादरीवर झोपलेला एखादा पोरगा. जुवाखाली बैलांच्या घंटा. भरल्या बंडीला ४७ किलोमीटर एका दमात जमत नसे. वाटेत मुक्काम पडे, तिथं चुली पेटत, आणि चुलीची ठिणगी आपल्या बंडीपर्यंत जाऊ नये म्हणून प्रत्येकजण वाऱ्याची दिशा पाहून बंडी लावी. परतताना मीठ, रॉकेल, लोखंडी पत्रे, विलायती कापड. त्यातलं काही कापड इथल्याच रुईचं असेल, असं म्हणायचा मोह होतो. पण वऱ्हाडी रुई आखूड धाग्याची, बारीक विलायती कापडाच्या कामाची नव्हेच.

आता जिनाकडे येऊ. कारण गावाचा स्वभाव घडवला तो त्यानंच.

पूर्वी सरकी घरी काढत. दोन लाटण्यांची लाकडी चरकी, हातानं फिरवायची, एका बाजूनं कापूस घालायचा, पलीकडे रुई निघायची नि अलीकडे सरकी पडायची. हे काम बायकांचं. सरकी घरातच राही. म्हशीला जाई, आणि त्यातली चांगली, भरदार सरकी पुढच्या मृगासाठी शेणामातीत घोळून ठेवली जाई. बियाणं विकत घ्यायची गोष्टच नव्हती. मग वाफेवर चालणारे जिन आले. मॅकार्थी पद्धतीचं यंत्र, कातडी रूळ आणि त्यावर वर-खाली होणारं पातं. ओळीनं यंत्रं, प्रत्येकाशी एक बाई बसलेली, ओंजळीनं कापूस पुढं ढकलणारी, केसांवर, भुवयांवर, ओठांवर पांढरी तूस. शेजारी प्रेस: रुई पेटीत कोंबून दाबायची, लोखंडी पट्ट्या आवळायच्या, तागाच्या कापडावर शाईनं मार्का उमटवायचा. १९२५ च्या कायद्यानं तर प्रत्येक गाठीवर प्रेसची खूण आणि नंबर सक्तीचा केला, म्हणजे कोणी पाणी मारलेला किंवा माती मिसळलेला माल भरला तर थेट त्याच्या दारापर्यंत पोचता यावं. मुंबई सरकारनं कापसातल्या लबाडीविरुद्ध १८६३ मध्येच कडक कायदा केला होता. लबाडी दोन्ही कायद्यांना पुरून उरली.

जिनाचा खरा परिणाम सरकीवर झाला. दहा गावांचा कापूस एका ढिगात पडला आणि दहा गावांची सरकी एका ढिगात आली. शेतकऱ्यानं बियाण्याला जिनातूनच सरकी न्यायला सुरुवात केली. वऱ्हाडचा जुना ‘बनी’ कापूस लांब, रेशमासारख्या धाग्याचा. पण त्याचा उतारा कमी, शंभर शेर कापसातून जेमतेम पंचवीस-अठ्ठावीस शेर रुई. पांढऱ्या फुलाचा ‘रोझियम’ आखूड आणि खरबरीत, पण उतारा चाळिशीला टेकणारा. बाजारात दोघांच्या भावात फरक थोडा. मग बनी कोण पेरणार? विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत बनी मागं पडला. साहेब लोक शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देत. दोष द्यायचा तर भावाला द्यायला हवा होता. शेतकऱ्याचा हिशेब अगदी बरोबर होता.

आणि जिनवाल्यांचा हिशेब त्याहून पक्का. गरजेपेक्षा जास्त जिन उभे राहिल्यावर मालकांनी एकमेकांत स्पर्धा करण्याऐवजी ‘पूल’ केला. सरकी काढण्याचा दर सगळ्यांनी मिळून ठरवायचा, काही जिन बंद ठेवायचे, आणि बंद जिनाच्या मालकालाही नफ्याचा वाटा द्यायचा. वऱ्हाडातल्या या प्रकाराची दखल १९२८ च्या शाही शेती आयोगाला घ्यावी लागली. चाक न फिरवता कमाई करणारा कारखाना हे दृश्य मुंबईच्या गिरणगावातही दुर्मीळच.

बाजाराला शिस्त लावण्याचे प्रयत्नही इथंच आधी झाले, हे सांगितलं पाहिजे. यवतमाळहून दारव्ह्यावरून मूर्तिजापूरकडे जाताना लागणारं कारंजा हे देशातलं पहिलं नियंत्रित कापूस बाजाराचं गाव. हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमानं १८८६ मध्ये तिथं हा प्रयोग झाला. १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस आणि धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला. दलालाला परवाना, वजनाला सरकारी मापं, ठरलेलं आवार. रुमालाखाली बोटं चेपून होणारे सौदे, कडता म्हणून वजनातून कापलेले शेर, धर्मादाय म्हणून कापलेले पैसे, यावर लगाम बसावा हा हेतू. मात्र बाजार समितीवर बसले ते बहुतांश व्यापारीच. आजच्या कृषी उत्पन्न बाजार समित्यांची मुळं इथवर जातात, आणि त्यांच्यावरच्या तक्रारींचीही.

हा सगळा पैशाचा खेळ चालू असताना पाऊस चुकला. १८९६-९७ मध्ये एकदा आणि १८९९-१९०० मध्ये त्याहून भयंकर. पूर्वी गावोगावी ज्वारीची पेवं असत. कापसाखाली जमीन गेल्यावर धान्य बाजारातून येऊ लागलं होतं, आणि बाजारात धान्य होतं तेव्हा कुणब्याकडे पैसा नव्हता. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर उतरली. लक्ष्मण सत्या यांनी वऱ्हाडच्या कापूस आणि दुष्काळावर अख्खं पुस्तक लिहून ही सांगड तपशिलानं मांडली आहे. देशातल्या सर्वांत नगदी मुलखात माणसं उपाशी मेली. त्याच काळात मुंबईत प्रिन्सेस डॉक आणि व्हिक्टोरिया डॉक भरभरून चालत होते.

दुष्काळाच्या धक्क्यानंतर दहा-बारा वर्षांनी यवतमाळच्या दारात अखेर आगगाडी आली. ती सरकारची नव्हती. किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रजी पेढीनं सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि अडीच फुटी अरुंद रुळांची वाट टाकली: मूर्तिजापूरपासून एक फाटा उत्तरेला अचलपूरला, ७६ किलोमीटर, दुसरा दक्षिणेला कारंजा, दारव्हा-मोतीबाग करत यवतमाळला, ११३ किलोमीटर. पहिल्या महायुद्धाच्या आधीच तिच्यावर गाड्या धावू लागल्या. नकाशा पाहिला की हेतू कळतो. ही गाडी माणसांना कुठं न्यायचं म्हणून आखलेली नव्हती. दोन टोकांचा कापूस मधल्या मोठ्या रुळांवर आणून टाकण्यासाठी आखली होती. मूर्तिजापूरला छोट्या वाघिणीतल्या गाठी हमाल आकड्यानं ओढून मोठ्या वाघिणीत चढवत, आणि तिथून त्या थेट मुंबईला. तिथला कापसाचा बाजार आधी फोर्टात सेंट थॉमस चर्चसमोर भरे, १८४४ मध्ये कुलाब्याला गेला, आणि १९२० च्या दशकात शिवडीजवळ, जिथं आजही कॉटन ग्रीन नावाचं लोकल स्टेशन आहे. स्टेशनच्या नावातला हिरवेपणा कधीच गेला, कापूसही गेला.

गाडी आली तोवर गिऱ्हाईक बदललं होतं. आखूड धाग्याची वऱ्हाडी रुई लँकेशायरला फारशी नको होती. ओसाकाच्या गिरण्यांना तीच हवी होती, स्वस्त आणि भरपूर. १८९३ मध्ये निप्पॉन युसेन कैशा या कंपनीनं जमशेटजी टाटांशी हातमिळवणी करून मुंबई-कोबे अशी बोट सुरू केली. पुढच्या वीस वर्षांत हिंदुस्थानी कापसाचं सर्वांत मोठं परदेशी गिऱ्हाईक जपान झालं. तोयो मेंका, गोशो अशा जपानी पेढ्यांचे खरेदीदार आतल्या बाजारांपर्यंत उतरले. राली आणि फोल्कार्ट या युरोपीय पेढ्या आधीपासून होत्याच. ऊन खात बसलेल्या वऱ्हाडी बाजारात ग्रीक, स्विस, जपानी, मारवाडी, कच्छी, बोहरी आणि पारशी पैसा एकाच वेळी फिरत होता. असं मिश्रण रत्नागिरी-मालवणच्या बंदरांतही तेव्हा मिळालं नसतं.

भाव बाहेरून येणार हे एकदा अंगवळणी पडलं की त्यावर पैज लावण्याची बुद्धीही होतेच. न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडण्याचे आणि बंद होण्याचे भाव तारेनं मुंबईला येत. त्या आकड्यांतल्या शेवटच्या अंकांवर लोक पैसे लावू लागले. हाच ‘आकडा’. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कचे भाव येणं थांबलं, तेव्हा मुंबईत मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरवण्याची रीत निघाली आणि मटका जन्माला आला. महाराष्ट्रातल्या पानटपरीवरचा हा घरगुती जुगार मूळचा कापसाचा आहे, हे टपरीवर सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही.

समुद्र नसल्याचा आणखी एक परिणाम राजकारणात दिसला, आणि तो या जिल्ह्याचा मानाचा तुरा आहे. १९३० मध्ये गांधीजींनी मिठाचा कायदा मोडला. दांडीला समुद्र होता, शिरोड्याला मिठागरं होती. वऱ्हाडात अकोल्याजवळ दहीहंड्याच्या खाऱ्या विहिरींवर मीठ काढून कायदा मोडला गेला. पण मिठाच्या पलीकडे जाऊन इथल्या माणसाला रोज टोचणारा कायदा कोणता, हे ओळखलं वणीत १८८० मध्ये जन्मलेल्या आणि यवतमाळला वकिली करणाऱ्या माधव श्रीहरी ऊर्फ बापूजी अणे यांनी. जंगलखात्यानं राखीव केलेल्या रानातलं गवतसुद्धा शेतकऱ्याला कापता येत नव्हतं. १० जुलै १९३० रोजी बापूजी अण्यांनी पुसदजवळच्या रानात विळा घेऊन विनापरवाना गवत कापलं आणि तुरुंगात गेले. जंगल सत्याग्रह हा शब्द नंतर साऱ्या मध्यप्रांतात आणि महाराष्ट्रात पसरला. पुढं अणे बिहारचे राज्यपाल झाले. जिल्हा त्यांना लोकनायक म्हणतो.

पुसद तालुक्याच्याच गहुली गावात, बंजारा घरात, १ जुलै १९१३ रोजी वसंतराव नाईक जन्मले. ज्यांच्या पूर्वजांच्या बैलांवरून कापूस मिर्झापूरला जात होता आणि ज्यांचा तो धंदा रेल्वेनं बुडवला, त्या समाजातला हा माणूस १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचा मुख्यमंत्री होता. त्यांच्याच कारकिर्दीत, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली: राज्यातला सगळा कापूस सरकार घेणार, दुसऱ्या कोणी घ्यायचा नाही. दलाल बाजूला झाला आणि त्याच्या जागी ग्रेडर आला. हंगामात पणन महासंघाच्या केंद्राबाहेर बैलगाड्यांच्या, मग ट्रॅक्टरच्या रांगा. काटापूजन, नारळ, आणि मग ‘तुमचा माल दुसऱ्या ग्रेडचा’ हा निकाल. चुकारे कधी मिळणार, हा जिल्ह्यातला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न झाला.

योजनेनं पडत्या भावाच्या वर्षी शेतकऱ्याला सावरलं, हे नाकारता येत नाही. पण बाहेर भाव चढला की तीच योजना कुंपण व्हायची. पांढरकवड्याच्या पलीकडे पैनगंगा ओलांडली की आदिलाबाद, आणि तिथं बाजार मोकळा. रात्रीच्या वेळी कापूस सीमेपार जाऊ लागला. शेतकरी स्वतःच्याच मालाचा तस्कर ठरला. शेतकरी नेते शरद जोशींनी या बंदीवर सतत हल्ला चढवला. योजना आतून पोखरत गेली आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला व्यवहारात संपली.

त्यानंतरची कहाणी वर्तमानपत्रांनी इतकी सांगितली आहे की इथं थोडक्यात पुरे. जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह जीवन संपवलं. दरवर्षी त्या तारखेला राज्यात अनेक ठिकाणी अन्नत्याग केला जातो. २००२ मध्ये बीटी बियाणं आलं, आणि घरच्या सरकीचा उरलासुरला संबंध तुटला. बियाणं आता पाकिटात, दरवर्षी विकत. २००६ च्या जुलैत पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात यवतमाळ होतं. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं इथल्या वीसहून जास्त माणसांचा जीव गेला, आणि त्याच वर्षी बीटीला न जुमानणाऱ्या गुलाबी बोंडअळीनं बोंडं पोखरली.

त्या अरुंद रुळांचं नशीब आणखी विचित्र. १९५१ मध्ये देशातल्या रेल्वे कंपन्या एकत्र करून सरकारी झाल्या, तेव्हा ही फांदी तशीच राहिली. रूळ कंपनीचे, गाड्या मध्य रेल्वेच्या, आणि वापराचं भाडं कंपनीला. स्वतंत्र भारतात वर्षानुवर्षं हे चाललं. करारात ठरावीक मुदतीनं सरकारनं ती विकत घ्यायची तरतूद होती. मुदत आली की प्रत्येक वेळी ती पुढं ढकलली गेली. लोकांनी गाडीला शकुंतला म्हटलं. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून तिला ओढत होतं, ते १५ एप्रिल १९९४ ला थांबलं. मग डिझेल आलं. कापूस तोवर ट्रकवर चढला होता. उरली माणसं: बाजाराला जाणाऱ्या म्हाताऱ्या, शाळेतली पोरं, दुधाचे कॅन. अखेरच्या वर्षांत स्टेशनांवर कर्मचारीच नव्हते. गार्ड उतरून तिकिटं फाडायचा, आणि फाटक आलं की गाडी थांबवून गाडीतलाच माणूस ते लावायचा नि गाडी गेल्यावर पुन्हा उघडायचा. यवतमाळची बाजू गेल्या दशकाच्या मध्यावर बंद पडली, अचलपूरची त्यामागून.

आता कापसाच्या गाठी पांढरकवड्यावरून जाणाऱ्या हमरस्त्यानं दक्षिणेच्या सूतगिरण्यांकडे जातात, काही परदेशी बंदरांकडे. वेचणीच्या पहिल्या दिवशी शेतात सीतादही अजूनही होते, दही-भाताचा नैवेद्य पऱ्हाटीला दाखवला जातो. आणि संध्याकाळी त्याच घरातला मुलगा मोबाईलवर न्यूयॉर्कचा वायदा पाहतो. तो दोन सेंट उतरला तर उद्या जिनात काय भाव फुटेल, याचा अंदाज त्याला अडत्याच्या आधी येतो. भाव ठरवण्यात मात्र त्याचा हात आजोबांइतकाच.

वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मोठ्या रुळांचा मार्ग बरीच वर्षं रखडत रखडत पुढं सरकतो आहे. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या यवतमाळातल्या सभेतून त्याच्या वर्धा ते कळंब या पहिल्या तुकड्यावर गाडी सोडण्यात आली. पुढं तो यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा जायचा आहे. म्हणजे दारव्ह्याला मोठी रेल्वे येईल, पण ती मूर्तिजापूरकडे न वळता नांदेडकडे निघून जाईल; जुन्या शकुंतलेच्या वाटेवर मोठे रूळ टाका, ही कारंजा-दारव्हा भागाची मागणी त्यामुळं स्वतंत्रपणे चालूच आहे.